सायकल झकास, पण सीट पोस्टनं सात महिने छळलं

गिअर, ब्रेक, टायर कशाचीच तक्रार नाही, त्यामुळं मी फक्त सीट पोस्टबद्दल, म्हणजे सीट ज्या नळीवर बसते आणि जी फ्रेमच्या नळीत घुसते तिच्याबद्दल लिहिणार. ह्या एका नळीनं लई त्रास दिलाय.

माझी उंची जास्त, म्हणून सायकल घेतानाच दुकानात मूळची पोस्ट काढून ३५० एमएमची लांब बसवून घेतली, मूळची तिथंच राहिली. पहिल्याच रविवारी पन्हाळ्याला निघालो, वाघबीळच्या पुढं चढ लागला आणि गुडघा पुढच्या बाजूनं दुखायला लागला. उतरून बघतोय तर सीट दोन बोटं खाली. पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकायला पाहिजे, माझा पार दुमडत होता.

मग फ्रेमच्या तोंडापासून १ सेंटीमीटर वर पोस्टला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. राजारामपुरीतनं शिरोली एमआयडीसीत ड्युटीला पोचेपर्यंत टेप क्लॅम्पला (फ्रेमच्या तोंडाशी पोस्ट आवळून धरणारी कडी) टेकलेली असायची. रोज.

दुकानात चारदा गेलो. पहिल्या तिन्ही वेळा क्लॅम्प आवळून दिला, चौथ्यांदा क्विक रिलीज (हातानं उघडायच्या खटक्याचा क्लॅम्प) काढून बोल्टचा क्लॅम्प घातला त्याचे २५० घेतले, आणि वर म्हणे "तुमच्या वजनानं होतंय". ७४ किलो वजन आहे माझं! तेव्हा लई राग आला, अजून आहे. घरी ॲलन कीनं जोर लावून आवळत बसलो तर बोल्टचं थ्रेडच गेलं, आणखी एक क्लॅम्प. बहुतेक क्लॅम्पवर ५-६ न्यूटन मीटर असं (बोल्ट किती जोरानं आवळायचा ते) लिहिलेलं असतंय, त्याच्या पुढं जाऊ नका, फ्रेमचं तोंड चेपतंय. रॉकेलनं पोस्ट पुसून ग्रीस काढलं, चार दिवस बरं वाटलं, परत तेच.

तोपर्यंत मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की क्विक रिलीज बेकार असतंय. ते मत मी मागं घेतो, क्लॅम्पचा दोष नव्हताच.

कंपनीतल्या एकानं शिवाजी उद्यमनगरात त्याच्या ओळखीच्या लेथवाल्या मामांकडं नेलं. त्यांनी क्लॅम्पकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्याचे दोन्ही कान एकमेकाला टेकल्यात की. आता किती बी आवळ, आवळणार काय?" मग व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला. फ्रेमची नळी आतनं २७.२ एमएम, पोस्ट २७.०, म्हणजे पोस्ट ०.२ नं बारीक. पोस्ट पूर्ण बाहेर काढली तर खाली मिनिमम इन्सर्टच्या रेषेजवळ (पोस्ट निदान इथपर्यंत आत पाहिजे, अशी खूण) २७.० असं छापलेलंच होतं! दुकानात चार खेपा झाल्या आणि एकानंही तो आकडा वाचला नाही, मीपण नाही.

मामांनी कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन मागवला. कॅनचा पत्रा साधारण ०.१ एमएम जाड, एक वेढा दिला की दोन्ही बाजू मिळून बरोबर ०.२ भरतंय. ५-६ सेंटीमीटर रुंद पट्टी कापायची, कडा घासायच्या (हात कापतोय), फ्रेमला जिथं चीर आहे तिथं पट्टीची फट येऊ द्यायची आणि वरची कड बाहेर दुमडायची म्हणजे पट्टी आत पडत नाही. मामांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मी पाजला.

टेप अडीच महिने जागची हलली नाही. म्हणून मी तेव्हा लिहिणार होतो की कॅनच बेस्ट, खर्च शून्य. पण पाऊस सुरू झाला आणि चढाला करकर आवाज यायला लागला, काढून बघितलं तर पट्टी काठाला फाटलेली. त्यामुळं आता माझं म्हणणं, कॅन तात्पुरता चालवा, पण योग्य मापाची पोस्ट घ्याच. मी ६५० ला २७.२ ची घेतली. दुकानानं जुनी परत घेतली नाही, "वापरलेली आहे" म्हणे. मापाची चूक त्यांची आणि भुर्दंड मला, हे मला अजिबात पटलेलं नाही.

आणि एक, माझी फ्रेम स्टीलची, पोस्ट ॲल्युमिनियमची. घसरतंय म्हणून पार कोरडी बसवू नका, कोल्हापूरच्या पावसात ती आत जाम होऊन बसंल. पातळ ग्रीस लावा, माप बरोबर असेल तर तेवढ्यानं घसरत नाही. फ्रेम किंवा पोस्ट कार्बन फायबरची असेल तर मात्र ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते.

जुनी २७.० ची पोस्ट घरात पडून आहे. कुणाच्या फ्रेमचं माप तेवढं असेल तर अशीच देतो, पण येताना नळी आतनं मोजून या.