दुकानात दिवसभर कोणतं एफएम लावायचं?

भाच्यानं प्रतापनगरला सलून टाकलंय. परवा विचारत होता, "मामा, दिवसभर काय लावू? खाजगी एफएम की 100.6?" 100.6 म्हणजे आपल्या नागपुरात आकाशवाणीची विविध भारती. इथल्याच महालातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात सकाळी दहा ते रात्री आठ रेडिओ चालतो, आणि दोन्ही मी वर्षानुवर्षं ऐकलंय. म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आवाज दोन्हींचा स्वच्छ येतो, तो प्रश्नच नाही. आकाशवाणी नागपूरचं मराठी केंद्र 585 वर मिडियम वेव्हला लागतं. 1948 पासूनचं केंद्र, मला जिव्हाळ्याचं, पण शिलाई मशीनची मोटार सुरू झाली की तिथे नुसती घरघर ऐकू येते. मिडियम वेव्ह विजेचा असा खरखराट पकडतेच. ते मी घरी मोबाइलवर ऐकतो. दुकानासाठी उरतात ती एफएमची स्टेशनं.

खाजगी स्टेशनांची बाजू आधी सांगतो, कारण ती लहान नाही. पोळा, मारबत, सीताबर्डीची गर्दी, कुठला रस्ता खोदलाय, हे सगळं तिथे कळतं. बोलणं हिंदी, मध्येच मराठी, म्हणजे आपण चौकात बोलतो तसंच. माझ्याकडच्या पोरांचे हात त्या गाण्यांवर भराभर चालतात. सलूनमध्ये बसणाऱ्या तरुण गिऱ्हाइकालाही तेच आवडेल, हे मला मान्य आहे.

विविध भारती बहुतेक वेळ मुंबईहून येते, नागपूरचं त्यात थोडकंच. दुपारी बायकांचे कार्यक्रम, कधी डॉक्टरांशी गप्पा. ज्याला सलग गाणी हवीत तो तिथे कंटाळू शकतो.

मग मी 100.6 वर का गेलो? एका खाजगी स्टेशनवर दुपारी दोन ते चार जुनी गाणी लागायची. आमच्याकडे ती वेळ काज-बटणाची आणि हातशिलाईची. मशीन बंद, सगळे खाली चटईवर, मान खाली घालून काम. निवेदकाचा आवाज घरच्या माणसासारखा झाला होता. फॉल-पिकोला येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिकाबाई मुद्दाम त्याच वेळेला यायच्या आणि साडी झाली तरी दोन गाणी जास्त बसायच्या. एका सोमवारी दोन वाजता नवी धून वाजली, स्टेशनचं घोषवाक्य नवं, आवाज नवा, गाणी कालपरवाची. आदल्या शुक्रवारी कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. बाई आल्या, पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "ते गेले का हो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना वाटलं, निवेदक वारले.

कंपन्यांची अडचण मला समजते. 2001 मध्ये बंगळुरूला रेडिओ सिटीपासून खाजगी एफएम सुरू झालं, आणि तेव्हापासून हा धंदा जाहिरातीवरच चालतो. स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, सरकारी परवान्यांच्या तिसऱ्या टप्प्यात फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. म्हणजे वेगळं दिसायला हातात राहतात गाणी, निवेदक आणि नाव. त्यात एकच ब्रँड अनेक शहरांत चालवायचा, तर सगळीकडे एकसारखा आवाज हवा. पण बदलायचंच असेल तर चार दिवस आधी सांगावं, निवेदकाला निरोप घेऊ द्यावा. दुपारचे दोन तास ज्यांनी त्याच्यासोबत काढले, त्यांचा एवढा हक्क आहे.

विविध भारतीही बदलली आहे. 1957 ला सुरू झाली तेव्हा जाहिराती नव्हत्या. त्या 1 नोव्हेंबर 1967 ला आल्या, आणि त्या पहिल्या तीन शहरांत मुंबई-पुण्यासोबत आपलं नागपूर होतं. 2023 मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे इंग्रजी नाव सोडून सगळीकडे 'आकाशवाणी' म्हणायचं ठरलं. आपल्या कानाला ते आधीपासून आकाशवाणीच होतं, त्यामुळे फरक पडला नाही. संध्याकाळची जयमाला आणि रात्री दहाचं छायागीत मात्र माझ्या वडिलांपासून टिकून आहेत.

दुसरी गोष्ट कदाचित फक्त मलाच महत्त्वाची वाटत असेल. तिथे गाण्यासोबत गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं सांगतात. खाजगीवर शेवटचा अंतरा संपायच्या आत स्टेशनचं नाव येऊन आदळतं. माझ्याकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा आता सुरुवातीची धून ऐकून संगीतकार ओळखतो. ते तो 100.6 वर शिकला.

भाच्याला म्हटलं, तुझं गिऱ्हाईक वेगळं आहे, संध्याकाळच्या गर्दीत खाजगी लाव. सकाळी दाढीला म्हातारी मंडळी येतात, तेव्हा 100.6 लावून पंधरा दिवस बघ. माझ्या जुन्या सेटवर काट्याच्या जागी कापड आखायच्या खडूनं खूण केली आहे. पुसट झाली की पुन्हा ओढतो. त्या बाईंनाही निरोप दिलाय, आणि आता त्या दुपारी परत येऊन बसतात.