चाळिशीनंतर घोडेस्वारी: सहा महिन्यांच्या शिकवणीचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर धुळ्याजवळच्या एका तबेल्यात मी घोडेस्वारीची शिकवणी लावली, त्याला आता सहा महिने झाले. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी पाऊण तास.

पहिले पंधरा दिवस लगाम हाती आलाच नाही. घोडी लांब दोरीवर गोलात फिरवली जाई आणि मी रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, पाय काढून खोगिरावर नुसता तोल सांभाळत बसे. पैसे वाया जात आहेत, असे तेव्हा वाटले. आज मात्र त्याच पंधरा दिवसांचे मोल मला सर्वाधिक वाटते, कारण लगामाला लोंबकळून तोल सावरण्याची सवय एकदा लागली, की स्वाराचा प्रत्येक हिसका घोड्याच्या तोंडाला बसतो. साधी चाल लवकर जमली. दुडकी ही दोन ठोक्यांची, स्वाराला उसळवणारी चाल असल्यामुळे एका ठोक्याला उठणे आणि दुसऱ्याला बसणे अंगवळणी पडेपर्यंत दोन महिने गेले. मांड्यांची सालटी निघाली ती वेगळीच.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. तंग, म्हणजे खोगीर बांधण्याचा पोटाखालचा पट्टा, आवळताना पुष्कळ घोडी पोट फुगवून धरतात, म्हणून चार पावले चालवून तो पुन्हा आवळावा लागतो. एका सकाळी मदतनिसाने ते केले नाही. वळणावर खोगीर फिरले आणि मी मातीत पडलो. डोक्यावर शिरस्त्राण होते म्हणून खांद्याच्या मुक्या मारावर निभावले. तेव्हापासून तंगाखाली स्वतः बोटे घालून पाहिल्याशिवाय मी मांड ठोकत नाही.

आमच्या घोडीने पूर्वी वराती केल्या आहेत, याचा उल्लेख प्रवेशाच्या वेळी कोणी केला नव्हता. लग्नसराईत रस्त्यावरून बँड गेला, की ती जागच्या जागी पाय उचलून नाचू लागते आणि वर बसलेला नवशिका विनाकारण नवरदेव होतो. खानदेशात शिकणाऱ्याने घोड्याचा पूर्वेतिहास अवश्य विचारावा.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत गेलो असता सोबतच्या मंडळींनी तिथलाच एखादा घोडा विकत घेण्याचा आग्रह धरला. कानांची टोके एकमेकांकडे वळलेले ते मारवाडी घोडे देखणे खरेच. परंतु टाचेच्या किंचित स्पर्शानेही उसळणारे तरुण जनावर आणि महिन्याभराचा स्वार, ही जोडी शिक्षकांनी तिथल्या तिथे मोडीत काढली. त्यांचे ऐकले हे बरे झाले. नवशिक्याला वयस्क, थंड स्वभावाची घोडीच हवी.

आता मे महिन्यात सात वाजताच ऊन चटके देऊ लागते, म्हणून शिकवणी पहाटे साडेपाचला असते. त्यानंतर खरारा करण्याची, म्हणजे घोडीचे अंग घासून साफ करण्याची, अर्ध्या तासाची सक्ती आहे, जी मला सुरुवातीला जाचक वाटे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होऊन मैदान बंद राहील. दसऱ्यापासूनचे शुल्क मी आगाऊ भरून ठेवले आहे, मात्र घोडी तीच मिळावी या अटीवर.