ग्रामसभेत काय मांडायचं: खर्राबंदीचा ठराव की व्यसनमुक्तीचं शिबिर?

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत खर्राबंदीचा (खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण) ठराव मांडायचा, की आधी व्यसनमुक्तीचं शिबिर घ्यायचं, असा प्रश्न विदर्भातल्या बऱ्याच गावांपुढे असतो. बचत गटाच्या बायका ठराव मागतात. 'ज्याचं त्यानं बघावं' म्हणणारे शिबिरावर थांबतात. मला दोन्ही बाजू घरातूनच दिसल्या आहेत.

शिबिरवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. माणसाने मनावर घेतल्याशिवाय व्यसन सुटत नाही. 1800-11-2356 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फुकट सल्लाही मिळतो. शिबिर घेतलंत तर एक तपासणी नक्की करा: आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायची. माझ्या काकांची दोनच गेली. गालाची आतली कातडी आखडत चालली होती, आणि तिखट खाल्लं की आग व्हायची. ते कित्येक महिने भाजीलाच दोष देत होते. या दुखण्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी शपथ घेतली, आणि मनापासून घेतली. पण घरापासून बसस्टँडपर्यंत चार पानठेले, आणि प्रत्येक ठेल्यावर ओळखीचा माणूस पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटत बसलेला. तिसऱ्या दिवशी पुडी पुन्हा खिशात. पुढे व्हायचं तेच झालं, ऑपरेशन करावं लागलं.

आता बंदी. महाराष्ट्राने गुटखा जुलै 2012 मध्ये बंद केला आणि पुढच्या वर्षी खर्रा, मावा, सुगंधित तंबाखूही त्यात आणला. हा आदेश अन्नसुरक्षा कायद्याखाली एकेका वर्षाचा निघतो. माल शेजारच्या राज्यांतून चोरून येतो आणि खर्रा तर गावातच घोटला जातो, तेव्हा नुसत्या सरकारी आदेशाने काम भागत नाही. तरीही राज्यात तंबाखू वापरणारे प्रौढ 2009-10 मध्ये 31.4 टक्के होते, ते 2016-17 मध्ये 26.6 टक्क्यांवर आले. त्याचं सगळं श्रेय बंदीला देता येणार नाही. जनजागृती आणि वाढलेल्या किमतींचाही त्यात वाटा असणार.

'स्वतः खाल्ला, मग आमच्या पैशातून उपचार कशाला?' हा प्रश्न ग्रामसभेत येणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार 2017-18 मध्ये तंबाखूमुळे देशाचं 1 लाख 77 हजार कोटींहून अधिक नुकसान झालं, आणि उत्पादन शुल्कातून जमा झालेला पैसा त्याच्या साधारण 12 टक्के होता. म्हणजे विकणाऱ्या कंपन्यांचा भार आपण सगळे आधीच उचलतोय. तो खाणाऱ्या मजुराकडून वसूल करायला निघणं मला अन्यायाचं वाटतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, ते त्याच्यासाठीही असलंच पाहिजे. शिवाय योजनेमुळे ऑपरेशन झालं तरी काकूची बुडालेली मजुरी आणि नागपुरातल्या खोलीचं भाडं कुणी भरून दिलं नाही. शिक्षा घराला आधीच होते.

म्हणून माझं मत सरळ आहे: ठराव आधी, शिबिर त्याच आठवड्यात. ठेला डोळ्यासमोर असताना घेतलेली शपथ टिकत नाही, आणि आधाराशिवाय केलेली बंदी माणसाला शेजारच्या गावी पाठवते. गडचिरोलीत 2016 पासून 'मुक्तिपथ' या दारू-तंबाखूमुक्तीच्या अभियानात या दोन्ही गोष्टी बरोबरीनेच चालतात. दारूबंदीसाठी लढलेल्या बायकांच्या जिल्ह्यात ते रुजलं, याचं मला नवल वाटत नाही.

एवढं एकाच वेळी जमणार नसेल तर शाळेपासून सुरुवात करा. शाळेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 91 मीटरवर, तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने मनाई आहे. मुलाला तंबाखू देणाऱ्याला बालन्याय कायद्यात 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ठरावाच्या आधी ठेलेवाल्याशी बोला, त्याचंही पोट आहे. चहा, बिस्किट, भाजी ठेवायला बचत गटाने त्याला हातउसने पैसे द्यावेत. आणि सभेला जाताना टेप घेऊन जा, शाळेच्या फाटकापासून ठेल्यापर्यंतचं अंतर सगळ्यांसमोर मोजा.