प्लॅस्टिक पॅलेट १४ महिने वापरल्यानंतरचा अनुभव (रॅकवर ठेवणार असाल तर नक्की वाचा)

गोडाऊनमधले लाकडी पॅलेट (माल रचून फोर्कलिफ्टने उचलायचे सपाट पाट) काढून प्लॅस्टिकचे घेतले त्याला १४ महिने झाले, आता खात्रीने सांगण्यासारखं बरंच जमलंय. साइज १२०० बाय १००० मिलिमीटर, चारही बाजूंनी फोर्क (फोर्कलिफ्टचे उचलायचे लोखंडी दात) जातात. पहिला लॉट पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा, खाली तीन रनर (लांब आडव्या पट्ट्या), आत लोखंडी पाइप नाहीत. दुसरा एचडीपीईचा (जास्त घनतेचं पॉलिथीन), डेकच्या म्हणजे माल ठेवायच्या वरच्या भागाच्या आत पाइप घातलेले. घेताना हा पाइपचा फरक मला किरकोळ वाटला होता, आणि आज सगळ्यात जास्त त्याच्याबद्दलच बोलावंसं वाटतंय.

पॅलेटला वजनाचे तीन आकडे असतात. जमिनीवर सपाट ठेवल्यावर किती पेलतो तो स्टॅटिक, फोर्कवर उचलून नेताना किती तो डायनॅमिक, आणि रॅकच्या दोन बीमवर (आडव्या लोखंडी दांड्यांवर) टेकवून मधला भाग अधांतरी असताना किती तो रॅक लोड. पहिला आकडा सगळ्यात मोठा आणि तिसरा सगळ्यात लहान, पण विकणारे आधी पहिलाच सांगतात आणि आपणही तोच ऐकून खूश होतो.

पहिल्या लॉटमधला एक पॅलेट ८०० किलो माल घालून रॅकवर चढवला होता. त्या दिवशी कडेला दोरी ताणून धरली तर मधे फट जेमतेम दिसत होती, तीन आठवड्यांनी परत दोरी धरली तर अख्खं बोट आडवं गेलं. माल तेवढाच, मधे कुणी हातही लावला नव्हता! याला क्रीप म्हणतात, सतत वजन राहिलं की प्लॅस्टिक हळूहळू वाकतच जातं, आणि गरम जागेत जास्त, त्यामुळे छपराजवळच्या वरच्या ओळीतले पॅलेट आमच्याकडे सगळ्यात आधी वाकले. माल उतरवल्यावर तो पूर्ण सरळ झालाच नाही, थोडा पोक तसाच राहिला.

मग सरळ जाड प्लॅस्टिक का घालत नाहीत असं मलाही वाटायचं, म्हणून माहिती काढली. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये दाणे वितळवून जोरात दाबाने स्टीलच्या मोल्डमध्ये (साच्यात) भरतात, भिंत जाड केली की ती थंड व्हायला फार वेळ लागतो, वर खड्डे पडतात, पीस वाकडा होतो. म्हणून डेक पातळ ठेवून खाली रीबची (उभ्या पातळ पट्ट्यांची) जाळी देतात. रीबची उंची दुप्पट झाली तर तिचा ताठपणा आठपट होतो, पण उंची वाढवायला जागाच कुठे असते, पॅलेटची एकूण उंची ठरलेली आणि त्यातली बरीचशी फोर्क घालायच्या खाचेत जाते. म्हणून लोखंडी पाइप लागतो, स्टीलचा ताठपणा या प्लॅस्टिकच्या शंभरपटीहून जास्त असतो. दुसऱ्या लॉटवर तेवढंच वजन आहे आणि दोरी अजून जवळजवळ चिकटूनच आहे. फक्त पाइप कुठल्या दिशेने गेलेत ते बघून ठेवा, ते एका बीमपासून दुसऱ्या बीमपर्यंत जायला हवेत, पॅलेट फिरवून बीमला समांतर ठेवला तर त्या पाइपचा उपयोग नाही.

तुटण्याचं म्हणाल तर डेक एकदाही फुटला नाही, मार खातात ते पाय. फोर्क जरा तिरका आत गेला की त्याचं टोक पायावर आदळतं. साध्या गोडाऊनमध्ये पॉलिप्रॉपिलीनवर तिथे पांढरा डाग उठतो, तोच इशारा समजायचा. पण कोल्ड रूममध्ये डाग वगैरे काही नाही, सरळ तडा, कारण शून्याच्या आसपास हे प्लॅस्टिक ठिसूळ व्हायला लागतं. एचडीपीईचे तिथे चेपतात पण फुटत नाहीत, म्हणून पहिला लॉट मी कोल्ड रूममधून पूर्ण काढला.

बाकी सुख खूप आहे. खिळे वर येऊन पोती फाटणं बंद झालं, बुरशी नाही, ओलं झालं तरी पॅलेटचं वजन तेवढंच त्यामुळे काट्यावर कायम एकच वजन वजा करायचं. एक्स्पोर्टला लाकडाला आयएसपीएम १५ (लाकडातून कीड पसरू नये म्हणूनचा आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे आतपर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवून शिक्का लागतो, प्लॅस्टिकला तो नियमच लागू नाही.

दोन गोष्टी मात्र मनापासून सांगतो. ओल्या फोर्कवर हे घसरतात, रबराचे बूच असलेलेच घ्या. आणि आगीचा विचार आधी करा, हे प्लॅस्टिक वितळून जळत खाली वाहतं, रिकाम्या पॅलेटची थप्पी किती उंच लावायची ते स्प्रिंकलरवाल्याला (आग विझवणारे पाण्याचे फवारे बसवणाऱ्याला) विचारूनच ठरवा.

फुटलेल्याला फळी ठोकून चालवता येत नाही, आम्ही बाजूला काढतो आणि ते दळून परत दाणे करायला जातात. पुढच्या लॉटला मी बनवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारणार आहे की रॅक लोडचा आकडा किती तापमानाला आणि वजन किती तास ठेवून मोजला.