पहिला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा): निकॉन डी३५०० की कॅनन १५००डी?

दोन्ही २०१८चे, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, त्यामुळे फोटोच्या दर्जावरून डोकेफोड नको. फरक हातात घेतल्यावर कळतो. निकॉनची पकड खोल आहे, बोटं नीट रुतून बसतात. बॅटरी एका चार्जिंगमध्ये सुमारे १५५० फोटो काढते, कॅननची ५००च्या आसपास. तू ट्रेकला नेणार, गडावर चार्जर कुठे लावशील? म्हणून माझं मत निकॉनला. कॅननमध्ये वायफाय आहे, निकॉनमध्ये नुसतं ब्लूटूथ. ते चालवून घे. मात्र डी३५००च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे निकॉनची जुनी एएफ-डी लेन्स (जिच्यात स्वतःची मोटर नसते) लावलीस तर फोकसची रिंग हातानेच फिरवावी लागेल. डी३५००चं उत्पादन थांबलंय, सेकंडहँडच बघ. पैसे देण्याआधी एफ/१६ वर (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून) मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढ. सेन्सरवर, म्हणजे आत फोटो टिपणाऱ्या चिपवर, धूळ असेल तर करडे ठिपके लगेच दिसतात.