मंजुरीचं पत्र आलं, कर्ज आलंच नाही

भाच्याला गेल्या वर्षी कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून, नागपूरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात सीट लागली. ताईकडे काटोलला संत्र्याची बाग. ज्याच्या घरी बाग आहे त्याला विचारा, जुलै-ऑगस्टमध्ये हातात काय असतं! आंबिया बहार झाडावर असतो, पैसा दिवाळीच्या पुढेमागे येतो, आणि कॉलेजची फी भरायची तारीख काही संत्र्याला विचारून ठरत नाही. ओबीसी असल्यामुळे शिक्षण शुल्कात निम्मी सवलत होती, त्याचा फॉर्म महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरला होता. पण उरलेली फी, होस्टेल, मेस, लॅपटॉप असं सगळं धरून चार लाखांचं कर्ज काढावं लागणारच होतं.

काटोलची शाखा म्हणाली, कॉलेज नागपूरला आहे, तिकडे जा. नागपूरची शाखा म्हणाली, तुमचं गाव आमच्या एरियात नाही, तिकडेच करा. दोघांनीही तोंडी. फीची तारीख जवळ येत चालली की माणूस असा इकडून तिकडे फिरतो, आणि कर्ज मिळवून देतो म्हणणारा दलाल नेमका तेव्हाच भेटतो. आम्हाला तो भाऊजींच्या ओळखीतून भेटला. ज्यांनी नाव सुचवलं त्यांच्या मुलाचं काम तोवर ‘प्रोसेसमध्ये’ होतं, हे मागाहून कळलं.

नागपुरात सीताबर्डीवर एका कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. एसी चालू, भिंतीवर सरकारी योजनेचं मोठं पोस्टर, टेबलावर मुलांच्या फायलींचा ढीग. बसल्याबसल्या पाणी, चहा. तिशीतला पोरगा, बोलायला लोण्यासारखा. ‘‘काकाजी, टेन्शन काहून घेता? पीएम-विद्यालक्ष्मीतून बसवून देतो. बँकेत आपला माणूस आहे.’’ भाऊजींनी तिथेच फाइल चार्जचे २,५०० रुपये दिले. पावती मिळाली. शिक्का होता, पण जीएसटी नंबर नव्हता.

मग ८,००० प्रोसेसिंग फी. त्यानंतर व्हॉट्सअॅपवर एका सरकारी बँकेचं मंजुरीपत्र आलं, ते पाहून घरात पेढे वाटले गेले. पत्र आल्यावर ‘मार्जिन मनी’, म्हणजे खर्चातला आपला वाटा, म्हणून चार लाखांचे पाच टक्के, म्हणजे २०,००० मागितले. शेवटी जामीनदार नाही म्हणून त्याच्याऐवजी ‘इन्शुरन्स’चे ७,५००. एकूण ३८,०००. फाइल चार्ज सोडला तर सगळं यूपीआयने, आणि दर वेळी वेगळ्या माणसाच्या नावावर.

यातली खरी गोम सांगतो. त्याने एकही शब्द खोटा वापरला नाही. प्रोसेसिंग फी, मार्जिन, जामीनदार, विमा हे सगळं बँकेच्या कागदांत असतंच. म्हणूनच बारावी झालेला पोरगा मोबाइलवर शोधतो, तो शब्द खरा निघतो आणि घरच्यांना धीर येतो. खोटं असतं ते त्या शब्दाखाली मागितलेला पैसा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत देशातल्या शिक्षणासाठी प्रोसेसिंग फी घ्यायची नाही असं आहे. चार लाखांपर्यंत मार्जिन शून्य. कर्ज त्याहून मोठं असेल तर पाच टक्के लागतं, पण तेही वर्षाच्या वर्षाला कॉलेजच्या फीत आपला वाटा म्हणून भरायचं असतं, कोणाच्या फोनपेवर नाही. चार लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, हा तर रिझर्व्ह बँकेचाच नियम. विमा काढायला काही बँका सांगतात, पण मग हातात पॉलिसी येते. आणि पीएम-विद्यालक्ष्मी? नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली ती योजना निवडक दर्जेदार संस्थांपुरती आहे. भाच्याचं कॉलेज त्या यादीत नव्हतंच.

मंजुरीपत्र घेऊन मी आणि भाचा बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी कागद हातात घेतला आणि वरचा मजकूर न वाचता थेट खालचा आयएफएससी कोड पाहिला. म्हणाल्या, ‘‘दादा, यात पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. इथे इंग्रजी ओ टाइप केलाय.’’ मग मॅनेजरची सही दाखवली. सहीच्या भोवती फिकट चौकोन दिसत होता, कुठल्यातरी कागदावरून कापून चिकटवल्यासारखा. कर्ज खात्याचा नंबर त्यांच्या सिस्टिममध्ये नव्हता.

तिथेच बाहेर पायऱ्यांवर बसून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. इन्शुरन्सचे ७,५०० आदल्याच दिवशी गेले होते, ते समोरच्या खात्यात थांबवता आले. बाकीचे पुढे सरकून गेले होते. फोनवर बँकेचं नाव, व्यवहाराचा यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराला मिळतो तो) आणि वेळ विचारतात, ते हाताशी ठेवा. नंतर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली आणि ठाण्यात लेखी दिली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला. पहिली पावती रोखीची होती, पोलिसांनी तीही मागून घेतली. ऑफिसला तोवर कुलूप.

फी त्या वर्षी ताईच्या पाटल्या गहाण ठेवून भरली. कर्जासाठी मात्र पुन्हा सरळ अर्ज केला, या वेळी शैक्षणिक कर्जाचे अर्ज घेणाऱ्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर, आणि काटोलच्या शाखेत त्याची प्रत देऊन पोच घेतली. मॅनेजर पुन्हा एरियाचं बोलू लागले तेव्हा भाच्याने एवढंच म्हटलं, ‘‘साहेब, हेच लेखी द्या.’’ घर शाखेच्या हद्दीत नाही म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ मध्येच कळवलेलं आहे. लेखी नकार काही मिळाला नाही, अर्ज मात्र पुढे गेला. दुसऱ्या सेमिस्टरला पैसे आले, थेट कॉलेजच्या खात्यात. हे आधीच सांगणारा कोणी भेटला असता तर त्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही चढलोच नसतो.

आमच्या तक्रारीनंतर आणखी दोन घरचे लोक ठाण्यात भेटले, एक उमरेडचे, एक वाडीचे. पत्रावर तीच सही, त्याच फिकट चौकोनात. तुमच्याकडे असं पत्र पडलेलं असेल तर रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. पावती, स्क्रीनशॉट आणि पासबुकाची नोंद घेऊन जवळच्या ठाण्यात जा आणि तक्रारीची प्रत मागून घ्या.