किरकोळ धडक: चौकातच मिटवायची की विम्यात टाकायची?

मागून कुणीतरी ठोकलं आहे. बंपर चेपलाय, लागलं कुणालाच नाही, आणि समोरचा मोबाइल काढून विचारतोय, "काका, किती पाठवू?" आकडा सांगून मोकळं व्हायचं की फोटो काढून विमा कंपनीला कळवायचं, हे तिथंच उभ्याउभ्या ठरवावं लागतं. मी दोन्ही करून पाहिलं आहे. 2022 च्या मे महिन्यात नागपूरच्या शंकरनगर चौकात मिटवून टाकलं. 2024 च्या ऑगस्टमध्ये वर्धा रोडवर जवळपास तसंच घडलं, तेव्हा विम्यात टाकलं.

कुणी दुचाकीवरून पडलं असेल, नुसतं खरचटलं जरी असेल, तर मात्र हा प्रश्नच उरत नाही. तिथे पैसे देऊन-घेऊन निघून जाऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं ही चालकाची जबाबदारी आहे, आणि पोलीस जागेवर नसतील तर लवकरात लवकर, उशिरात उशिरा 24 तासांच्या आत, जवळच्या ठाण्यात कळवावं लागतं. पुढचं सगळं फक्त पत्रा आणि प्लास्टिकपुरतं आहे.

आधी मिटवण्याची बाजू, कारण ती खरंच वजनदार आहे. एनसीबी (नो क्लेम बोनस), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यावर मिळणारी सूट, जाते हे सगळ्यांना माहीत असतं, पण नेमकी किती जाते याची बेरीज फार कमी लोक करतात. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यावर 50 टक्के सूट मिळते. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर येते आणि मग दरवर्षी 20, 25, 35, 45 अशी चढत परत 50 वर पोहोचते. म्हणजे पहिल्या वर्षी 50 टक्के गेले, दुसऱ्या वर्षी 30, मग 25, 15 आणि शेवटी 5. बेरीज 125 टक्के. सूट धरण्याआधीचा ओन डॅमेजचा हप्ता 8,000 रुपये असेल तर एका क्लेमची खरी किंमत साधारण 10,000 पडते. गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी धरा. त्यावर सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः भरायची रक्कम, आहेच: 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 आणि त्यापुढे 2,000. सहा-सात हजारांच्या कामासाठी क्लेम करू नका असं गॅरेजवाले सांगतात, ते या हिशेबाने बरोबर आहे.

एवढं असूनही माझं मन मिटवण्यावरून उडालं, ते चौकात सांगितलेल्या आकड्यामुळे.

मे महिन्यातली दुपारची दोनची वेळ. आपल्याकडे 44-45 अंशांत शंकरनगर चौकात उभं राहणं म्हणजे काय हे नागपूरकरांना सांगायला नको. मागे हॉर्न वाजताहेत, गाडीत बायको, तिच्या मांडीवर भाजीची पिशवी. सिग्नलला थांबलो होतो आणि मागच्या गाडीने ठोकलं. गाडी चालवणारा मुलगा पंचविशीतला, अगदी नम्र. चूक त्याने लगेच मान्य केली. बंपरवर तळहाताएवढा खड्डा आणि थोडा रंग उडालेला, बाकी काही दिसत नव्हतं. मी म्हटलं चार हजार, तो म्हणाला साडेतीन करा, मी हो म्हटलं. पैसे तिथल्या तिथे आले. दहा मिनिटांत मोकळे झालो आणि दोघांनाही बरं वाटलं.

तीन दिवसांनी डिक्की लागेना. दोनदा आपटावी लागायची, तेव्हा कुठे बसायची. आमच्या ओळखीच्या डेंटरने बंपर खोलला. आतल्या पांढऱ्या क्लिपा तुटून फरशीवर पडल्या, बंपरचा ब्रॅकेट मधोमध चिरलेला होता आणि त्याच्या मागचा बॅक पॅनल आत गेला होता. बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करत तो म्हणाला, "सर, बाहेरून काहीच नाही. मार सगळा आत गेला आहे." बंपर प्लास्टिकचा असतो, दबतो आणि बराचसा परत बाहेर येतो. मागचा पत्रा तसा परत येत नाही. बिल झालं 14,200.

मी त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "काका, तेव्हाच मिटलं होतं ना आपलं?" तो चुकीचं बोलत नव्हता. आकडा मीच सांगितला होता. त्याचा मला राग आला नाही, पण ही गोष्ट आजही खुपते, की जी रक्कम तिथे कुणालाच कळणं शक्य नाही ती आपण उन्हात उभं राहून ठरवतो आणि त्यावर व्यवहार संपतो. मग क्लेम करण्यातही अडचण होती. कंपनीने आपल्याला भरपाई दिली की समोरच्याकडून वसुली करण्याचा हक्क तिच्याकडे जातो, आणि तो मी कंपनीला न विचारता साडेतीन हजारांत संपवून बसलो होतो. उरलेले 10,700 मीच भरले.

धडक आपल्या हातून झाली असेल तर आणखी जपावं. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही, अशी अट प्रमाणित पॉलिसीतच छापलेली असते. चांगुलपणाने "माझीच चूक, भरून देतो" म्हणणारा माणूस पुढे अडकू शकतो.

वर्धा रोडच्या वेळी रिमझिम चालू होती. उड्डाणपुलाखाली मागून एक गाडी घसरत येऊन धडकली. चालक माझ्याच वयाचे, आणि त्यांचं म्हणणं की मीच अचानक ब्रेक मारला. पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवायची जबाबदारी मागच्याची, हे 2017 च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये स्पष्ट आहे. पण चौकात नियम कोण वाचतं? तिथे ज्याचा आवाज मोठा त्याची बाजू खरी, किंवा मग मोठ्या गाडीवाल्याची चूक. मी वाद घातला नाही. दोन्ही गाड्या जशा होत्या तशा, नंबर दिसतील असे फोटो काढले, रस्त्याचाही एक घेतला, त्यांचा फोन नंबर घेतला आणि तिथूनच कंपनीच्या ॲपवर कळवलं. आपल्या स्वतःच्या ओन डॅमेज क्लेमला चूक कोणाची याने फरक पडत नाही. माझी असती तरी भरपाई मिळालीच असती, फक्त लायसन्स चालू हवं आणि प्यायलेलं नसावं. क्लेम फॉर्मवर घडलं तसं लिहिलं. कुणाशी आवाज चढवायची वेळ आली नाही, याचं मला पैशांइतकंच मोल वाटतं.

पुढचं काम सावकाश झालं, हे मान्य करतो. सर्व्हेयर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणारे, तिसऱ्या दिवशी आले आणि गाडी एकूण नऊ दिवस वर्कशॉपमध्ये राहिली. तेवढे दिवस मेट्रोने आणि ऑटोने फिरलो. पण बंपर त्यांच्यासमोर खोलला गेला, आतलं नुकसान निघालं तसं एस्टिमेटमध्ये चढत गेलं, आणि 27,000 च्या बिलातले माझ्या खिशातून वजावटीचे 1,000 आणि किरकोळ सामानाचे 600 गेले. इथे एक सांगतो: सर्व्हेयर पाहून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला गाडी खोलू देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी.

माझ्याकडे झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांवर घसारा न कापणारं ॲड-ऑन, होतं, म्हणून हे जमलं. ते नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो, रंगाच्या सामानावरही तेवढाच, आणि पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे. मागून बसलेल्या धडकेत बरंचसं नुकसान नेमकं प्लास्टिक आणि रंगाचं असतं. त्यामुळे झिरो डेप नसलेल्याला मी इतक्या ठामपणे विम्याकडे वळा म्हणणार नाही.

आता "त्याची चूक आहे तर त्याच्या विम्यातून घेऊ" हा विचार. त्याचं थर्ड पार्टी कव्हर, म्हणजे त्याच्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणारा विमा, आपल्या गाडीच्या नुकसानीलाही लागू असतं, खाजगी गाडीला सहसा साडेसात लाखांपर्यंत. पण त्याच्या कंपनीला फोन केला आणि चेक आला, असं होत नाही. कलम 166 खाली मोटार अपघात दावा प्राधिकरणात अर्ज करावा लागतो, आणि समोरच्याची हयगय तिथे सिद्ध करावी लागते. मोठं नुकसान असेल तर तो मार्ग जरूर घ्यावा. बंपरसाठी सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात तारखा घेणारा माझ्या ओळखीत कुणी नाही.

म्हणून रस्त्यात आता मी आकडा सांगत नाही. बंपर नुसता घासला असेल, धक्का बसल्याचं जाणवलं नसेल, तर समोरच्याचा नंबर घेऊन "उद्या गॅरेजमध्ये दाखवतो, तिथेच या" म्हणतो. सरळ माणसं येतात. आणि आत मार गेल्याची थोडी जरी शंका असेल, तर त्याच दिवशी कंपनीला कळवतो आणि गाडी खोलायची ती सर्व्हेयरसमोरच. 2025 च्या जानेवारीत नूतनीकरण करताना एनसीबीच्या रकान्यात शून्य पाहून वाईट वाटलं खरं. या वर्षी तिथे 20 आले, आणि सोबत मी क्लेम केला तरी ही सूट टिकवणारं एनसीबी प्रोटेक्टचं ॲड-ऑनही घेऊन टाकलं.